गर्द रान आणि उसाचा फड

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील खुरांच्या वन्यप्राण्यांचे जीवन दोन अगदी निराळ्या प्रदेशांत विभागलेले आहे. एक प्रदेश म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील कोयना-चांदोलीचे गर्द रान, आणि दुसरा म्हणजे कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांतील बागायती शेती. सांबर, गवा आणि रानडुक्कर हे प्राणी दोन्हीकडे आढळतात. परंतु त्यांचे खाणे, हिंडण्याच्या वेळा, माणसाविषयी त्यांना वाटणारी भीती आणि माणसाची त्यांच्याविषयीची भावना ही दोन ठिकाणी इतकी वेगळी असते, की रानातले सांबर आणि फडातले सांबर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शिकारीविषयीची चर्चा बहुतेक वेळा याच ठिकाणी अडते. रानाचा विचार करणारे फड विसरतात, आणि फडात नुकसान सोसणाऱ्यांना रान हे केवळ उपद्रवाचे उगमस्थान वाटते.

‘शिकार’ हा शब्द बोलण्यात बंदुकीशी जोडला गेलेला असला, तरी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात त्याची व्याप्ती पुष्कळ मोठी आहे. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, पकडणे, फास किंवा सापळा लावणे, हाकारे घालून पिटाळणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. मूळ अधिनियमात लहान-मोठ्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, आणि तेव्हापासून अधिनियमाच्या संरक्षक अनुसूचींतील प्राण्यांची शिकार हा अपवादात्मक परवानगी वगळता सर्वत्र गुन्हा ठरला. ती अपवादात्मक परवानगी कलम ११ मध्ये आहे. मानवी जीविताला धोका निर्माण करणाऱ्या प्राण्याविषयी, आणि काही प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकासह मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या प्राण्याविषयी, राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा काही प्राण्यांबाबत त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, लेखी आदेश देऊ शकतो. रान आणि शेत यांच्या सीमेवरचा सगळा वाद या एका कलमाभोवती फिरतो.

शेतातले हरीण आणि जंगलातले हरीण यांतील फरक जगात सर्वांत बारकाईने पाहिला गेला तो उत्तर अमेरिकेत, पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या निमित्ताने. धोक्याची चाहूल लागताच शेपटी उभारून तिची पांढरी खालची बाजू दाखवीत पळणाऱ्या या हरणाची संख्या अनिर्बंध शिकारीमुळे १९०० च्या सुमारास सुमारे ५ लाखांपर्यंत घसरली होती. आज ती ३ कोटींच्या आसपास मानली जाते. ही वाढ निबिड अरण्यात कमी आणि मका-सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या झाडीच्या तुकड्यांत अधिक झाली. उत्तरेकडच्या सलग जंगलांत हरणे विरळ असतात आणि शिकाऱ्याला बर्फातील माग काढीत दिवसचे दिवस हिंडावे लागते; शेतीच्या मुलुखात मात्र हरणाची निजण्याची जागा आणि चरण्याची जागा यांमधील वाट ठरलेली असल्याने शिकारी शेताच्या कडेच्या झाडावर मचाण बांधून वाट पाहत बसतो. आल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील ग्रंथात या घटनेची मांडणी केली. ज्या प्राण्याला लपण आणि चारा दोन्ही जवळजवळ लागतात, तो प्राणी दोन प्रकारच्या भूमी जिथे एकमेकींना भिडतात तिथेच अधिक फोफावतो, हे त्या मांडणीचे सूत्र होते. त्या भिडण्याच्या जागेला मराठीत ‘काठ’ म्हणणे योग्य होईल.

लिओपोल्डचे हे सूत्र सह्याद्रीत किती तंतोतंत लागू पडते, हे पाहण्यासाठी चांदोलीच्या गाभ्यात जावे लागते. कोयना अभयारण्य (सुमारे ४२३ चौरस किलोमीटर) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (सुमारे ३१७ चौरस किलोमीटर) यांना जोडून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचे एकूण क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भागात अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा यांची सदाहरित व निमसदाहरित झाडी आहे, आणि झाडांखाली अनेक ठिकाणी कारवीचे दाट रान माजलेले असते. अशा रानाकडे दुरून पाहणाऱ्याला ते हरणांनी भरलेले असेल असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. जिथे झाडांचे छत्र मिटलेले असते तिथे जमिनीवर ऊन पोचत नाही, ऊन नाही म्हणून गवत नाही, आणि गवत नाही म्हणून चरणारे प्राणी थोडे. मोकळ्या व मध्यम पावसाच्या रानात कळपांनी राहणारे चितळ या ओल्या घाटमाथ्यावर जवळजवळ नाहीच. तिथे राहतात ती झाडपाला, फळे आणि कोवळे कोंब खाऊन गुजराण करणारी सांबरे, एकटे-दुकटे हिंडणारे आणि कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर, सशाएवढी पिसोरी, आणि गवे.

या गर्द रानात चरणारे प्राणी जिथे हमखास दिसतात, त्या जागा दोनच. पहिली जागा म्हणजे ‘सडा’. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण, जवळजवळ वृक्षहीन पठाराला सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर कोवळे गवत उगवते आणि गवे व सांबरे झाडी सोडून वर येतात. झोळंबीचा सडा हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरी जागा अधिक विचार करायला लावणारी आहे, आणि ती म्हणजे उठलेल्या गावांची जमीन. वारणेवरील धरण आणि त्यानंतर आलेले अभयारण्य यांमुळे चांदोलीच्या खोऱ्यातील कितीतरी गावांना आपले घरदार सोडून खाली उतरावे लागले. चांदेल, झोळंबी, रुंदीव, गोठणे, निवळे ही नावे आता वन खात्याच्या नकाशावर आहेत. पण तिथल्या चौथऱ्यांचे दगड, देवळांच्या जागा, आंब्या-फणसाची झाडे आणि पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून सपाट केलेली भातखाचरे अजून ओळखू येतात. त्या खाचरांत आज गवत वाढते, आणि गवतावर गवे चरतात. चांदोलीच्या गाभ्यातील उत्तम कुरण हे असे माणसाच्या हाताने घडलेले आहे. ज्यांनी रान तोडून ती शेते केली, त्यांचे वंशज आज खालच्या पुनर्वसन वसाहतींत राहतात, आणि त्यांच्या पूर्वजांच्या कष्टाचा उपभोग वन्यप्राणी घेत आहेत, ही गोष्ट व्याघ्र प्रकल्पाच्या कोणत्याही माहितीफलकावर ठळकपणे लिहिली जायला हवी.

गर्द रानातील जुनी शिकार या भूरचनेला अनुसरूनच घडली होती. दाट झाडीत दहा-पंधरा पावलांपलीकडचे दिसत नाही, त्यामुळे एकट्याने प्राण्यामागे जाणे निष्फळ ठरे. म्हणून ‘हाका’ घालावा लागे. हाका म्हणजे गावातील माणसांनी ओळ धरून, डबे-ढोल वाजवीत, आरडाओरडा करीत रान उठवणे आणि प्राण्यांना ठरलेल्या खिंडीकडे किंवा ओढ्याकडे लोटणे, जिथे ठासणीची बंदूक घेतलेली माणसे दबा धरून बसलेली असत. काही भागांत बंदुकीऐवजी ‘वाघूर’, म्हणजे जाड दोरीचे मोठे जाळे, वाटेत आडवे लावले जाई. अशा पारधीला सगळे गाव लागे, आणि मिळालेल्या प्राण्याचे वाटे ठरलेल्या रीतीने पडत. त्या काळात सांबर मुबलक होते, असे मानण्याचे कारण नाही. एका हाक्याला गावाचा अख्खा दिवस जाई आणि पुष्कळदा हाती काही लागत नसे, या गोष्टीनेच शिकारीला मर्यादा घातली होती. सांबराचे शिंग मात्र शिकारीविनाही घरात येई, कारण नर सांबर दरवर्षी शिंगे टाकतो आणि ती रानात पडलेली सापडत. सांबरशिंग सहाणेवर उगाळून छातीला किंवा कपाळाला लेप देण्याची रीत महाराष्ट्रातील असंख्य घरांत होती. आज असे गळून पडलेले शिंगही बाळगणे कायद्याने चालत नाही, ही गोष्ट फार थोड्या घरांना माहीत आहे.

घाटमाथ्यावरून पूर्वेकडे निघाल्यावर पाऊस भराभर कमी होत जातो आणि माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. इथले मूळ रान म्हणजे माळ. त्यावर चिंकारा, लांडगा, ससा आणि तितर यांची वस्ती. या माळावरची शिकार हाक्याची नव्हती. ती नजरेची आणि फासाची होती. ज्यांच्या नावातच फास आहे त्या फासेपारधी समाजाने प्राण्यांच्या सवयींचे जे ज्ञान साठवले, त्याला तोड नव्हती. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत आणि प्रत्यक्षात त्यानंतरही त्यांचे हे ज्ञान संशयाच्या सावलीत राहिले. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते सोडून काळवीट मारण्याचा राजेशाही षोक विसाव्या शतकातही चालू होता. माळावरच्या शिकारीची ही दोन टोके होती.

याच माळाच्या मुलुखातील माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचे गाव, तेव्हाच्या औंध संस्थानातील आणि आजच्या आटपाडी तालुक्यातील. १९२७ मध्ये जन्मलेल्या या लेखकाला तरुणपणी शिकारीचा नाद होता. पुढे तो सुटला आणि रानात जाणे केवळ पाहण्यासाठी आणि चित्रे रेखाटण्यासाठी उरले. मराठी वाचकाच्या मनात रानाविषयीची आस्था निर्माण करण्यात माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांचा वाटा फार मोठा आहे. पण त्या आस्थेचा विषय मुख्यतः रान होते. उसाच्या फडातील सांबराविषयी, रात्रभर राखण करून पहाटे तुडवलेले पीक पाहणाऱ्या माणसाविषयी, मराठीत त्या तोलाचे लेखन अजून झालेले नाही.

कृष्णाकाठच्या ऊसशेतीचा इतिहास साखर कारखान्यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. वन्यप्राण्यांच्या अंगाने तो क्वचितच पाहिला जातो. कोयना आणि वारणा यांवरील धरणांचे पाणी आणि त्यानंतर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना यांनी दोन्ही जिल्ह्यांच्या भूमीचे रूप बदलले. आडसाली ऊस, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस, सोळा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. सुरू हंगामाचा ऊस बारा महिने राहतो आणि त्याची तोड झाल्यावर बुडख्यांतून पुन्हा खोडवा वाढतो. म्हणजे एका गटातील एक फड तुटला तरी शेजारचा उभाच असतो. दहा-बारा फूट उंच, आत माणसाला शिरता येऊ नये इतके दाट, बारमाही पाण्याजवळचे आणि वर्षभर न हलणारे असे हे हिरवे आवरण वन्यप्राण्याच्या दृष्टीने रानच आहे, आणि गर्द रानाहून एका बाबतीत ते सरस आहे: इथे लपण आणि चारा वेगवेगळे शोधावे लागत नाहीत. रानडुक्कर फडातच राहते, फडातच खाते, फडातच विते. त्याच्या मागे बिबट्या येतो, आणि कराड, पाटण, शिराळा, वाळवा भागांत ऊसतोडीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या दर हंगामाला येतात. गवा तर याहूनही पुढे सरकला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये एक गवा थेट सांगली शहरातील मार्केट यार्डाच्या परिसरात आला होता.

रानातील आणि शेतातील प्राण्यांच्या वागण्यातला फरक इथे स्पष्ट होतो. गर्द रानातील सांबर सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात चरते आणि वाघ-बिबट्याच्या वासाने सावध होते. शेतकाठचे सांबर दिवसा डोंगराच्या झाडीत निपचित राहते, रात्र पडल्यावर उतरते आणि पहाटेपूर्वी परतते. त्याची भीती माणसाच्या हालचालीच्या वेळापत्रकाशी जुळलेली असते. शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला मे महिन्यात कोरड्या मातीतच भात पेरतात, ज्याला ‘धूळवाफ’ पेरणी म्हणतात. पहिल्या पावसाने ते उगवते, आणि त्याच वेळी डोंगरातून डुकरांचे कळप उतरू लागतात. पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरी वाड्यांवर भुईमूग, नाचणी, वरी ही पिके अनेकांनी सोडून दिली आहेत. पीकच न घेतलेल्या शेताची नुकसानभरपाई कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि म्हणून सरकारी आकड्यांतून दिसणारे नुकसान खऱ्या नुकसानापेक्षा नेहमीच कमी असते.

भरपाईची व्यवस्था कागदावर आहे, आणि ती अर्थहीन नाही. नुकसान झाल्यावर ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा, वन, महसूल व कृषी या खात्यांच्या लोकांनी मिळून पंचनामा करायचा, आणि नियमाप्रमाणे रक्कम खात्यावर जमा व्हायची, असा तिचा क्रम आहे. अडचण अशी की वन्यप्राण्याचे नुकसान वादळासारखे एका रात्रीत होत नाही. आज दोन सरी, परवा चार गुंठे, असे ते महिनाभर झिरपत राहते. प्रत्येक वेळी पंचनामा मागणे शेतकऱ्याला परवडत नाही आणि खात्यालाही झेपत नाही. त्यामुळे माणूस स्वतःच्या बंदोबस्ताकडे वळतो. तो बंदोबस्त माचीवर बसून हाकारणे, डबे वाजवणे, बुजगावणे उभे करणे, फटाके लावणे यांपासून सुरू होतो. सौरऊर्जेवर चालणाऱ्या कुंपणापर्यंत, ज्याला गावोगाव ‘झटका मशीन’ म्हणतात, तो कायदेशीर असतो. या यंत्रातून सेकंदाच्या अगदी अल्प भागापुरता प्रवाह ठरावीक अंतराने सोडला जातो. प्राण्याला धक्का बसतो, तो मागे फिरतो, पण मरत नाही. पंपाच्या लाइनीवरून थेट जोडलेल्या तारेत हा खंड नसतो. त्या तारेने डुक्कर मरते, गवा मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो. अशा मृत्यूंच्या बातम्या राज्यात वारंवार येतात, आणि त्यांनंतर एक नव्हे, दोन घरे उद्ध्वस्त होतात.

शेतीच्या मुलुखातील शिकारीचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत क्रूर साधन मात्र बंदूकही नाही आणि वीजही नाही. ते म्हणजे दुचाकीच्या क्लचची किंवा ब्रेकची तार. पोलादाच्या बारीक धाग्यांना पीळ देऊन केलेली ही तार गॅरेजच्या भंगारात फुकट मिळते. तिच्या एका टोकाचा सरकता फास करतात आणि दुसरे टोक झुडपाच्या बुंध्याला किंवा खुंटीला बांधतात. कुंपणातल्या ज्या छिंडीतून प्राणी रोज ये-जा करतो, तिथल्या वाकलेल्या गवतावर, चिखलातल्या खुरांवर आणि काट्याला चिकटलेल्या राठ केसांवर नजर ठेवली की जागा ठरते. प्राणी डोके घालतो, पुढे रेटतो, आणि जितका रेटतो तितका फास आवळतो. गाठ मागे सरकत नाही. डुकराच्या मानेसाठी लावलेल्या या फासात बिबट्या शिरला, तर तो बहुधा कमरेशी अडकतो, रात्रभर गोल फिरत झाडाची साल ओरबाडतो, आणि वन विभागाचे पथक पोचेपर्यंत बाहेरून फारशी जखम न दिसताही आतल्या इजेने मरणाच्या दारात असतो. सांबराचा पाय अडकला, तर तार हाडापर्यंत उतरते. ती तार लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. हाक्याच्या शिकारीत प्राणी समोर दिसत होता आणि मारायचा की सोडायचा याचा निर्णय माणसाला घ्यावा लागत होता. तारेने तो निर्णयच काढून टाकला.

हा फरक केवळ नीतीचा नाही, जीवशास्त्राचाही आहे. रानडुकराची मादी एका वेताला चार-सहा आणि कधी त्याहून अधिक पिल्ले देते, आणि ती पिल्ले वर्ष-दीड वर्षात स्वतः विण्याच्या वयाला येतात. सांबर व गवा यांना मात्र वर्षाला साधारण एकच पिल्लू होते. पाच डुकरे मारली गेली तर पुढच्या पावसाळ्यात त्यांची जागा भरून निघते. पाच सांबर माद्या गेल्या तर डोंगराची एक बाजू कित्येक वर्षे मोकळी राहते. डुकराचा उपद्रव कमी करण्याच्या नावाने लावलेला फास सांबर, भेकर, साळिंदर आणि बिबट्या यांना सारखेच पकडतो, आणि शेवटी ज्याची संख्या लवकर भरून येते ते डुक्करच तेवढे उरते. फासाने डुकरांचा प्रश्न सुटल्याचे उदाहरण या दोन जिल्ह्यांत दाखवता येणार नाही.

काठ म्हणजे काय, हे सागरेश्वरइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाला लागून असलेल्या बोडक्या डोंगरांवर, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे लावली गेली, पाणी अडवले गेले, चितळ-सांबर आणून सोडले गेले, आणि १९८५ मध्ये या सुमारे ११ चौरस किलोमीटरांच्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने घडवलेले अभयारण्य म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि तो सार्थ आहे. ज्या वेळी हे काम सुरू झाले तेव्हा भोवतालची शेती बव्हंशी जिरायती होती; पुढे सिंचनाचे पाणी आले आणि डोंगराच्या पायथ्याशी ऊस व द्राक्षे आली. आत वाघ नाही, हरणे वाढत गेली, उन्हाळ्यात गवत वाळले, आणि कुंपण जिथे खचले तिथून कळप शेतात उतरू लागले. कुंपणाच्या आत चितळ पाहून हरखणारा पर्यटक आणि कुंपणाच्या बाहेर त्याच चितळाने खाल्लेले पीक पाहणारा शेतकरी यांच्यामध्ये कित्येकदा दोनशे पावलांचेही अंतर नसते. सागरेश्वरातील हरणे पकडून चांदोलीत सोडण्याची योजना वन विभागाने आखली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. काठावर जे जास्त झाले आहे ते गाभ्यात, जिथे कमी आहे तिथे, नेणे हा बंदुकीपेक्षा निश्चितच शहाणपणाचा मार्ग आहे. चितळ घाटमाथ्याच्या पावसात कितपत रुळेल हा प्रश्न मात्र उरतोच, आणि म्हणून सांबराच्या संरक्षणाला पर्याय नाही.

ही गरज किती निकडीची आहे, हे वाघाच्या पोटावरून मोजता येते. एका वाघाला वर्षाला चितळ-सांबराच्या आकाराचे साधारण ५० प्राणी लागतात, आणि ते वरचेवर मिळत राहावेत म्हणून त्याच्या क्षेत्रात सुमारे ५०० प्राण्यांची वस्ती असावी लागते, असे वन्यजीव अभ्यासकांचे गणित आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत नर वाघाचे छायाचित्र स्वयंचलित कॅमेऱ्यात आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा परिसरातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. तिने इथे टिकावे अशी इच्छा असेल, तर काठावर क्लचच्या तारेत जाणारे प्रत्येक सांबर हे तिच्या वाट्याचे आहे, हे मान्य करावे लागेल.

अमेरिकेप्रमाणे परवाने देऊन शिकार खुली करावी, म्हणजे शेतकऱ्याला पैसे मिळतील आणि प्राणीही आटोक्यात राहतील, अशी सूचना अधूनमधून केली जाते. तिकडची व्यवस्था तीन गोष्टींवर उभी आहे: हरणांची दर वर्षी होणारी मोजणी, १९३७ च्या कायद्याने शस्त्रे व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवणारी तरतूद, आणि बहुतेक भागांतून लांडग्यासारखे शत्रू माणसानेच नाहीसे केलेले असणे. पहिली गोष्ट इथे काठावर होतच नाही, कारण गणना होते ती अभयारण्यात; दुसरी नाही; आणि तिसरी सुदैवाने नाही, कारण सह्याद्रीत बिबट्या, रानकुत्री आणि आता वाघ आहेत. केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या काही भागांत रानडुक्कर, नीलगाय किंवा माकड यांना ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित केले होते. तिथेही शेतीचा प्रश्न त्याने मिटला नाही. रानडुकरापुरती परवानगी देता येते आणि द्यायला हवी, पण ती खात्याच्या नोंदीखाली, नेमून दिलेल्या प्रशिक्षित माणसाकडून, नेमक्या गटात आणि नेमक्या मुदतीत. शस्त्र अधिनियमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद १९५९ पासून आहे, आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने आपली नोंद करणे वन्यजीव अधिनियमानेच बंधनकारक केले आहे. म्हणजे चौकट आहे, ती वापरण्याची इच्छा हवी. सांबर, भेकर आणि गवा यांना मात्र शेतातही हात लागता कामा नये. त्यांच्यासाठी कुंपण, त्वरित भरपाई आणि गाभ्यातील कुरणांची जोपासना हेच उपाय आहेत, आणि त्यांचा खर्च एकट्या शेतकऱ्याने नव्हे, तर वाघ हवा म्हणणाऱ्या सगळ्या समाजाने उचलला पाहिजे.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो. फड एकेक करून मोकळे होतात, प्राणी एका फडातून दुसऱ्यात पळतात, आणि याच दिवसांत बांधाबांधावर तारा लावल्या जातात. शेताच्या कुंपणात, ओढ्याच्या काठी किंवा डोंगराच्या पायवाटेवर खुंटीला बांधलेली अशी तार दिसली, तर ती जागेवरून काढून घ्यावी. आणि फासात किंवा विहिरीत अडकलेला प्राणी दिसला, तर गर्दी न करता, त्याच्या जवळ न जाता, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.